तारेत गेलेला आवाज

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत बसायला लागली की किस्से साचतात. कोनाड्यात धूळ साचते तसे, मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. हल्ली घरोघरी टेप झालेत. पोरं गाणी भरून एकमेकांना देतात आणि वर मलाच शिकवायला येतात. अरे, देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हा आम्ही हे केलंय. आणि आम्ही जे ऐकलं ते तुमच्या टेपमधून निघणार नाही. निघूही नये.

आधी माणसं सांगतो. बापू वायरमन, कल्याणला पारनाक्याजवळ एकटा राहायचा. आवाज भरायचं मशीन त्याचं, आणि खोलीही त्याचीच. दिगू कळव्याच्या मिठागरावरचा, तबल्याला. मी लोको शेडमध्ये फिटर. शाळा चौथीत सुटली, पेटी सुटली नाही. आणि भाऊ. डोंबिवलीचा. पोटासाठी कापडाच्या दुकानात कापड फाडायचा, पण जगायचा ते गुरुवारी दत्ताच्या देवळात गायला. तो गायला लागला की कडेवरची पोरं रडायची थांबायची. आम्ही बाकीचे तिघं त्याच्यामुळे होतो, नाहीतर आम्हाला कोण विचारतंय.

मशीन मिलिटरीचं होतं. लढाई संपल्यावर छावणीतलं सामान लिलावात निघालं, त्यात बापूने ते उचललं. केसासारखी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्यावर जायची आणि आवाज त्या तारेत बसायचा. नवी तार कुठे मिळायची नाही. म्हणून दर रविवारी जुनं पुसून त्यावरच नवं भरायचं, आणि चौघांना आवडलेलं एखादं गाणं तेवढं राखायचं.

*

पहिल्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी बोलून ते ऐकलं. दिगूने आपला आवाज ऐकला आणि मागे सरकला.

"यो मी नाय. माज्या नावावर यो दुसराच कोन बोलतंय."

मला माझा आवाज वसुलीला आलेल्या माणसासारखा वाटला. फक्त भाऊचा आवाज जसाच्या तसा. "अगं, चहा आण," एवढंच तो बोलला होता. मशीनमधून ते निघालं आणि आत बापूच्या चुलीपाशी बसलेल्या वहिनी, म्हणजे भाऊबरोबर आलेली त्याची बायको, "आणते हो" म्हणाल्या. कपबशा घेऊन बाहेर आल्या तर भाऊच्या तोंडात पान, आणि मशीन पुन्हा चहा मागतंय.

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक आवाज दोन ठिकाणी कसा राहील? तिकडे गेला तेवढा इकडे कमी झाला."

आम्ही हसलो.

*

बापू तार कितीही पुसो, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत काहीतरी उरायचंच. कोणीतरी खोकायचं, बूट घासायचं. छावणीतला कोणी गोरा असणार, असं आम्ही धरून चाललो.

एकदा भाऊने एका अभंगाला स्वतः चाल बांधली. गुरुवारी बांधली, रविवारी आम्ही भरली. नंतर ऐकताना अभंग संपला आणि त्या मधल्या जागेत गोऱ्याने शीळ घातली. भाऊचीच चाल. अंतऱ्यासकट.

मग बापू म्हणाला, "गोऱ्याला सूर होता म्हणायचा."

*

भाऊने गायलेली एक भैरवी आम्ही राखली होती. मशीन हातगाडीवर घालून आम्ही ती गावोगाव ऐकवायचो. विठ्ठलवाडीला नेली, कळव्याला नेली. एकदा ठाण्याला भाऊच्या बहिणीकडे नेली. तिच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता, भाऊच्या हातचं खाऊन वाढलेला.

भैरवी सुरू झाली तसा मोत्या आला, मशीनसमोर बसला आणि शेपटी हलवायला लागला. भाऊला गंमत वाटली. त्याने हाक मारली, "मोत्या, अरे इकडे बघ."

मोत्याने वळून पाहिलं आणि दात दाखवले.

बहीण म्हणाली, "कुत्र्याचं काय मनाला लावून घेतोस दादा? घसा बसलाय तुझा. खाकर जरा."

भाऊ खाकरला. मोत्या उठून उभा राहिला, पाठीवरचे केस ताठ.

*

तो घसा मग सुटलाच नाही. दिवाळीपर्यंत भाऊच्या तोंडून नुसता वारा यायला लागला. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगायचा तर बोटांनी. डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, घशाला काही झालेलं नाही. मग आवाज काय भाड्याने दिलाय काय, असं मी त्याला तोंडावर विचारलं. शिकलेल्या माणसांना उत्तर येत नसलं की ते दुसरा पेशंट बोलावतात.

गुरुवारी देवळात दुसरा माणूस गायला बसू लागला. भाऊ खांबाला टेकून ऐकायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी जायचंच सोडलं.

भैरवी मात्र आम्ही वाजवत होतो. लोक मागायचे. वहिनींनी एक खूण धरली होती. आम्ही वाजवली की दुसऱ्या दिवशी भाऊचा वारासुद्धा यायचा नाही. आणि दिगूनेही हळूच एक गोष्ट सांगितली, जी मला कळली होती पण मी बोललो नव्हतो.

"भैरवी वाडतंय रे. पयल्यान तिच्यात येवढ्या ताना नव्हत्या."

*

मग एका रविवारी वहिनी भाऊला घेऊन आल्या. बसल्या नाहीत. "ते पुसा."

बापू म्हणाला, "वहिनी, त्याचं एवढंच उरलंय."

"म्हणूनच पुसा."

मी म्हटलं, हा अडाणीपणा आहे.

"भावजी, तुम्ही कुठले मोठे पंडित?" त्या म्हणाल्या. "आवाज तुम्हाला ऐकायला पाहिजे. मला माणूस बोलायला पाहिजे."

बापू भाऊकडे बघत राहिला. ती तार पुसली आणि घसाही नाही सुटला, तर भाऊ गात होता याला जगात पुरावा नाही, हे चौघांनाही ठाऊक होतं. भाऊने मशीनवर हात ठेवला. मग स्वतःच पुसायचा स्विच दाबला.

तार फिरत राहिली. पूर्ण रीळ. नंतर वाजवून पाहिली तर गोऱ्याचा खोकलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी भाऊ जिना चढताना खालूनच ओरडला, "बापू, दार उघड रे."

दिगू रडला. मी नाही.

त्या दिवशी भाऊ जसा गायला तसा आधी कधी गायला नव्हता. मशीन लावायचं का, म्हणून बापूने भीतभीतच वहिनींना विचारलं. "लावा की," त्या म्हणाल्या. "आता काही होत नाही." आम्ही भरलं. संपल्यावर तार मागे घेतली आणि ऐकायला बसलो.

तबला आला. पेटी आली. खिडकीतला कावळा आला, वहिनींच्या बांगड्या आल्या. दिगूने सम गाठली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे, आम्ही तिघं तारेतून एकदम म्हणालो, "वा, भाऊ."

दिगू उठून गॅलरीत गेला. बापूने हात पुढे केला, पण मशीन बंद केलं नाही.

भाऊने शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पेटी छान वाजवलीस आज."