गेममधल्या सशासाठी ठेवलेला घास

माझी परी सात वर्षांची. भाजी पाहिली की रडायची, म्हणून मोबाइलवर एक गेम घेतला. तिनं भाजी खाल्ली की मी बटण दाबायचं, की गेममधला ससा गुबगुबीत व्हायचा. पोरगी चक्क कारलं खायला लागली! मी खूश.

मग सासरे, म्हणजे परीचे आबा, गेले. तेरवीपर्यंत आम्ही गावी, भातकुलीला होतो, गेम कुणी उघडलाच नाही. आज सकाळी अमरावतीला परतलो. परीनं मोबाइल पाहिला, तर ससा मेलेला.

रडली नाही. गुपचूप वाटीभर पालक खाल्ला. ससा उठला नाही.

दुपारी गच्चीवर गेले, तर कठड्यावर पालक-भाताचा घास आणि समोर परी, हात जोडून.

"काय करून राहिली व?"

"आबासाठी ठेवला होता ना, तसा. पण कावळा शिवून नाही राहिला." मग कावळ्याकडे पाहून म्हणाली, "मी रोज भाजी खाईन. शिव ना आता."

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा तिच्या बाबांनी असाच शब्द दिला होता, आजीले एकटी ठेवणार नाही म्हणून.

गेम मी काढून टाकला. आता संध्याकाळ झाली, घास तसाच आहे. परी आत बसून न सांगता भाजी खाऊन राहिली.

खरं सांगा, मी तिले खायले शिकवलं, का भ्यायले?