लाल रेघेच्या आत मंगेशदादाला पाठवलं होतं

माझ्या भावाला समुद्रानं मारलेलं नाही. कृपा करून लाटांचे फोटो टाकणं बंद करा.

आज मंगेशदादाला जाऊन दोन वर्षं झाली. सकाळपासून तेच मेसेज येताहेत. 'सागरपुत्र सागरात विलीन.' 'लाटांशी झुंजताना वीरमरण.' एकानं तर बुडत्या सूर्याचं स्टेटस ठेवलंय आणि त्यावर दादाचा फोटो चिकटवलाय.

अहो, दादा बुडाला नाही. त्याचे कपडेसुद्धा ओले झाले नव्हते.

समुद्रापासून लांबच्या आमच्या नाचणगावच्या माणसाला समुद्र म्हटलं की पाणीच दिसतं, हे मला कळतं. आमच्या घरात तरी काय वेगळं होतं? दादा लहान असताना कुण्या बुवानं सांगितलं, पोराला पाण्यापासून जपा. झालं. आईनं त्याला कधी नदीवर जाऊ दिलं नाही. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर नोकरी लागली तेव्हाही ती रडली ती पाण्याच्या धास्तीनं.

लोखंडाची भीती आमच्यापैकी कुणालाच वाटली नाही.

समुद्राच्या तळाखाली भोक पाडायला रिगवर पाइपाला पाइप जोडत खाली सोडतात. एकेक पाइप आमच्या दुमजली घराहून उंच. पूर्वी ते माणसं हातानं सांभाळायची, त्यात बोटं जायची. मग मशीन आलं. दादा इतका खूश होता की सुट्टीवर आल्या आल्या स्वयंपाकघरात सांडशीत लाटणं धरून त्यानं आम्हाला डेमो दिला.

"हा मशीनचा हात. पाइप उचलते, उभा करते, जागेवर नेऊन ठेवते. आमाले हातच लावा लागत नाई आता."

"मंग तू काय करतं?" आईनं विचारलं.

"मी लाल रेघेच्या बाहेर उभा राह्यतो अन् पाह्यतो."

"पाह्याचा पगार देते? बरं हाये मंग."

किती हसलो होतो आम्ही.

ती लाल रेघ डेकवर रंगवलेली असते. मशीनचा हात चालू असताना तिच्या आत माणसानं जायचं नाही, हा नियम.

आणि कंपनीचा रिपोर्ट म्हणतो, दादानं ती रेघ ओलांडली. कामगाराची चूक. विषय संपला.

जे साहेब हार घेऊन घरी आले, ते आईसमोर हात जोडून म्हणाले, "समंदर का काम है माताजी, खतरा तो रहता ही है." आमचा चहा प्यायले. मग दारात बूट घालताना मला हळूच, "आपके भाई ने प्रोसिजर फॉलो नहीं किया."

आईला समुद्र, मला प्रोसिजर. ज्याला जे पचेल ते.

आता म्हणे नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये दादाचंच उदाहरण देतात. असं वागू नका म्हणून. गेलेल्या माणसाला वर्गापुढे उभं करून रोज नव्यानं दोषी ठरवायचं. तो काही बोलणार नाही, हे माहीत आहे ना.

रिपोर्टमधलं ते एक वाक्य पुसलं जावं म्हणून मी केस टाकली. आईची साथ नव्हती. "पाण्यानं नेलं त्याले. माणसावर काऊन केस?" इतकंच म्हणायची.

मागच्या आठवड्यात विलास घरी आला. केळझरचा, दादाच्याच क्रूमधला. दादा गेल्यापासून त्यानं आमच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. आईच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून टाकलं.

मशीननं पाइप नीट पकडला की ऑपरेटरच्या केबिनमध्ये हिरवा दिवा लागतो. ती पकड ओळखणारा सेन्सर बिघडला होता. दिवा लागेना, आणि दिव्याशिवाय मशीन हलेना. नवा पार्ट येईपर्यंत थांबायचं, तर काम बंद पडतं. म्हणून रिगवरच्या साहेबांनी सेन्सर बायपास करून मशीन तसंच चालवायला लावलं आणि दिव्याच्या जागी माणूस उभा केला. एकानं रेघेच्या आत जायचं, मान वर करून पकड बसली का बघायचं आणि ऑपरेटरला अंगठा उंचावून 'ठीक'ची खूण करायची.

हे रोज चालत होतं. त्या दिवशी दादाला पाठवलं. खालून पकड बसलेली दिसली. वरची बाजू उघडीच होती, आणि वरची बाजू खालून दिसत नाही. दादानं अंगठा उंचावला. मशीन हललं आणि पाइप सुटला.

मी विचारलं, "कुणी 'नाही' कसं म्हटलं नाही?"

"म्हटलं होतं ना ताई एकानं. त्याले पुढच्याच हेलिकॉप्टरनं घरी धाडलं. परत बोलावलंच नाई. मंग कोण बोलन?"

आईनं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हंजे माहा मंगेश आपल्या मनानं नाई गेला आत?"

"नाई काकू. साहेबानं नाव घेऊन पाठवलं. मी बाजूलेच होतो."

"हे कोर्टात सांगशील?" मी विचारलं.

"नोकरी जाईन माही," विलास म्हणाला. त्यानं आईच्या पायाला हात लावला. मग म्हणाला, "सांगतो."

आज सकाळी मामा नारळ घेऊन आला. पाणी शांत व्हावं म्हणून गेल्या वर्षी आम्ही नदीवर जाऊन पूजा केली होती, तशीच यंदाही करायची होती. आई उंबऱ्यातून हललीच नाही.

"नदीनं काय केलं माह्या पोराचं? तिले काऊन शांत करा लागते?"

मामानं नारळ खाली ठेवला. आई माझ्याकडे वळली.

"पुढच्या महिन्यात मुंबईले तारीख हाये ना? माही बी तिकीट काढजो. ज्यायनं त्याले आत पाठवलं, त्यायच्यासमोर बसाचं हाये मले."

तिकिटं काढली आहेत.

म्हणून म्हणते, ते लाटांचे फोटो काढून टाका. लिहायचंच असेल तर लिहा, की मंगेशला आत पाठवलं होतं.

दादा, तुला तुझ्या बहिणीचा नमस्कार. तुझी चूक नव्हती. आईलाही आता ते माहीत आहे.