खिंडीपलीकडचं गवत

माझा मामा खेचरवाला. त्याच्या डोंगरावर राष्ट्रीय उद्यान आहे, निम्मं आपल्या देशात नि निम्मं शेजारच्या. हरणांना सगळीकडे मुभा, पर्यटकांना पासपोर्टावर. मामाची धाव मात्र खिंडीतल्या हद्दीच्या पांढऱ्या दगडापर्यंत. तिथं सामान उतरवायचं नि पलीकडच्या खेचरवाल्याच्या हवाली करायचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. हातवाऱ्यांवरच दोस्ती.

मामाच्या म्हातारीला, म्हणजे खेचराला, त्या दगडाचं सोयरसुतक नव्हतं. पाठ मोकळी झाली की स्वारी थेट परदेशात चरायला. मामा दगडाशी उभा राहून शिव्या द्यायचा, मग शीळ घालायचा. पोट भरलेलं असलं तरच यायची.

"मला कधी वेशीबाहेर नेलं नाहीत, आणि ही सवत रोज परदेशी!" मामी म्हणायची.

यंदा म्हातारीचे गुडघे गेले. आपल्याकडचा नियम असा, की काम न करणारं जनावर उद्यानात ठेवायचं नाही, आणि मामाचं घरही उद्यानातच. उद्यानाचे साहेब म्हणाले, "या आठवड्यात खाली बाजारात न्या." लंगड्या खेचराला बाजारात कोण घेतो, हे मामाला ठाऊक होतं.

"व्हरांड्यात बांधू," तो म्हणाला.

"बांधा की. मी जाते बाजारात," मामी म्हणाली. पण पाण्याची बादली तिनंच भरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी मामा म्हातारीला बिनओझ्याची वर घेऊन गेला. मीही होतो. पलीकडच्याला त्यानं तिचे गुडघे दाखवले, खालच्या बाजाराकडे बोट केलं नि गळ्यावरून हात फिरवला. गडी समजला. त्यानं आपल्या कुरणाकडे बोट दाखवलं. तिथं दोन म्हातारी खेचरं निवांत चरत होती. तिकडे चालतं तसं. त्यानं दाव्यासाठी हात पुढे केला. मामानं दावं दिलं नाही, स्वतःच सोडलं नि ढुंगणावर थाप मारली.

"जा. घरचं गवत तुला कधी गोड लागलंय?"

गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बेइमान," मामा नाक पुसत म्हणाला.

आता नवं खेचर आहे. मामा दगडाशी शीळ घालत नाही. म्हातारी अलीकडे आली तर साहेब धरतील. पण ती आपणहून लंगडत दगडापर्यंत येते. मग मामा दगडावरून हात लांबवून तिला मिठाचा खडा चारतो. खडा मामी बांधून देते.

"चला," ती म्हणते, "तुमचा हात तरी परदेशी जाऊन आला."