नोंद नाही, म्हणून सुरक्षित

सूर्यभान ड्रायव्हरची पोरगी घरात बसून कॉम्प्युटरवर कायतरी टायपिंग करती, एवढंच तिसगावात सत्यशीलाबद्दल माहीत होतं. ती खुलासा करत बसायची नाही. आधी नऊ वर्षं नगरच्या एमआयडीसीत तिने दूध तपासायच्या यंत्रांची माहितीपत्रकं लिहिली होती. आई गेल्यावर वडील, आप्पा, एकटे पडले, तेव्हा ती गावी आली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करू लागली.

फसवणुकीसाठी वापरल्या गेलेल्या वेबसाइट आणि लिंका यांच्या जगभरातल्या नोंदी त्या कंपनीने एका जागी गोळा केल्या होत्या. एखादी लिंक दिली की कंपनीचं टूल नोंदी चाळून उत्तर द्यायचं. पण ते वापरणार होते एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणारे प्रोग्राम. टूलला काय विचारायचं, आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे एजंट सत्यशीलाने लिहिलेलं वाचूनच ठरवणार होते. माणूस वाचताना अडखळतो, शंका काढतो. हा वाचक लिहिलंय ते खरं धरून पुढे निघायचा.

दुपारी एकला टूल ग्राहकांसाठी खुलं व्हायचं होतं. तिसगावचा त्या दिवशी बाजार. अकराच्या सुमारास आप्पा मोबाईल घेऊन आत आले.

"सत्या, बघ गं हे. बारापर्यंत लिंक दाबून नंबर भरा, न्हाईतर लाइट तोडनार म्हनत्यात. खरं हाय का?"

सत्यशीलाला चाचणीसाठी आणखी एक उदाहरण हवंच होतं. तिने लिंक उतरवून कॉम्प्युटरवरच्या चाचणीच्या एजंटला दिली. तेवढ्यात तिच्या टीमचे प्रमुख प्रशांत सर यांचा फोन आला. घरात रेंज नव्हती म्हणून ती ओट्यावर गेली. दहा मिनिटांनी परतली तर आप्पा बाजाराला निघून गेले होते आणि स्क्रीनवर एजंटचं उत्तर होतं. या वेब-पत्त्याची नोंद नाही. खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत, सेफ.

टूलने फक्त नोंद नाही एवढंच कळवलं होतं. लिंक कदाचित कालच बनवलेली, तिची नोंद असणार कुठून? मग सेफ हा शब्द एजंटने आणला कुठला? तिने एजंटसाठी लिहिलेलं स्वतःचं डॉक्युमेंटेशन उघडलं. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं: नोंद न सापडल्यास पत्ता सुरक्षित समजावा. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच लिहिलेलं. दोघांनी तपासलेलं, कुणालाही न खटकलेलं.

आणि आप्पांनी ती हिरवी अक्षरं वाचली असणार.

तिने त्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मग प्रशांत सरांना लावला.

"सर, आजचं थांबवा. एजंट अनोळखी लिंकला सेफ म्हणतोय. माझं वाक्य चुकलंय."

"एका वाक्यासाठी? सगळ्यांना वेळ कळवून झालीय, मॅडम. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू."

"मी थोड्या वेळात परत करते फोन," म्हणत तिने चपला अडकवल्या.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीवाल्यांच्या पालांमधून वाट काढत, आप्पा कुठं दिसले का, असं विचारत ती निघाली. चहाच्या टपरीवर नव्हते. कटिंगच्या दुकानात नव्हते. वाल्मिकच्या मोबाईल दुकानात मात्र काउंटरला टेकून उभे होते. अक्षर बारीक दिसतं म्हणून मोबाईल त्यांनी वाल्मिकच्या हातात दिला होता.

"बरं झालं आल्या, ताई," वाल्मिक म्हणाला. "लिंकमधलं ॲप टाकलंय. मेसेज वाचायची परवानगी मागतंय. देऊ ना?"

"नका दाबू!"

तिने मोबाईल हिसकावलाच. आधी नेट बंद केलं, मग ॲप काढून टाकलं. आप्पा चारचौघांत ओशाळले आणि चिडले.

"आगं, तुज्याच मशीनीनं सेफ म्हनलं हुतं!"

"चुकलं ते, आप्पा. मीच तिला चुकीचं शिकवलं."

"तू म्हनली असतीस, तर मी दोनदा इचारलं असतं. मशीनीला काय इचारायचं?"

बारा वाजत आले होते. तिथूनच तिने पुन्हा फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"सर, चाचणीतले दोन ग्राहक आठ दिवस हेच डॉक्युमेंटेशन वापरतायत ना?"

"हो," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "थांबवतो. अहवालात चूक कुणाची लिहू?"

"माझी. वाक्य माझं आहे. तपासताना सुटलं, हेही लिहा."

घरी येऊन तिने ते पान नव्याने लिहिलं. नोंद नाही म्हणजे माहिती नाही. अशा पत्त्याला सुरक्षित म्हणू नये, उघडण्याआधी माणसाला विचारावं. मग नव्याकोऱ्या लिंका एकामागून एक एजंटला दिल्या. एकतिसाव्या वेळी तो "बहुधा सुरक्षित" म्हणाला. तिने पान परत लिहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या दोन ग्राहकांकडे नोंद नाही म्हणून पुढे गेलेल्या त्रेसष्ट लिंका निघाल्या. दोन फसवणुकीच्या होत्या. त्यांतली एक नाशिकच्या दवाखान्यात, म्हणजे त्या दोनपैकी एका ग्राहकाकडे, उघडली गेली होती. त्यांचे संगणक दिवसभर बंद ठेवावे लागले. तिथल्या व्यवस्थापक भारती मॅडमना सत्यशीलाने स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टूल नको म्हणून शांतपणे सांगितलं. ती फक्त "बरोबर आहे तुमचं" म्हणाली.

पाच दिवस उशिराने, मंगळवारी अकराला टूल खुलं झालं. पहिल्या तासात नऊशे प्रश्न आले. तीनशे चाळीस पत्त्यांची नोंदच नव्हती. कुठे सेफ आलंय का बघायला सत्यशीला त्यांची उत्तरं एकेक उघडून वाचत बसली. आप्पांनी जेवायला दोनदा हाक मारली; मग ते ताट घेऊनच आत आले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर जागा करून त्यांनी ते ठेवलं.