एस्तेरबाईंचं देवाचं शेत

“आत्या प्रभूत निजली,” एस्तेरबाईंच्या भाचीनं फोनवर एवढंच सांगितलं. मी भांडगावच्या घरी भाजी निवडत बसले होते. आधी रडू आलं, मग राग. भांडायला एवढं शिल्लक असताना ही बाई निजलीच कशी... दौंडच्या शाळेत आम्ही बरोबरीनं शिकवलं. त्या इंग्रजी, मी मराठी. निवृत्तीनंतर त्या शिरूरला आईवडिलांच्या घरी राहायला गेल्या, पण आमचं भांडण काही सुटलं नाही. मला शब्दाचा अर्थ कळला की पुरे, त्यांना त्याचं सगळं खानदान हवं असायचं. युरोपातल्या भाषांचे जाडजूड कोश त्यांनी जुन्या बाजारातून जमवले होते. त्यातला एखादा स्वयंपाकघरातही असे आणि त्यापायी वरण हमखास खाली लागायचं.

दफनभूमी हा त्यांचा लाडका विषय. इंग्रजीतला ‘सिमेटरी’ मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ निजायची खोली. मेलेली माणसं पुन्हा उठणार असं मानणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो शब्द कबरींच्या जागेला दिला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, सगळ्यांनी तोच उचलला. जर्मनांचा ‘फ्रीडहोफ’ मात्र वेगळा. तो म्हणजे मुळात कुंपण घातलेलं आवार. पुढे लोक कुंपण विसरले आणि त्यांना त्या शब्दात शांती ऐकू यायला लागली. जर्मनांकडे आणखी एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ देवाचं शेत. मी म्हणायचे, “एस्तेरबाई, जेवताना तरी कबरी नकोत.” त्या म्हणायच्या, “तू जेव गं, मी बोलते.”

हे सगळं एकदा कामी आलं. सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा झारखंडचा पीटर नावाचा कामगार तापानं गेला. गावी न्यायची सोय होईना, म्हणून त्याचे खोलीतले जोडीदार त्याला शिरूरला घेऊन आले. मी तेव्हा एस्तेरबाईंकडेच होते. निरोप आला तशा आम्ही दोघी दफनभूमीवर गेलो, तर कमिटीचे प्रमुख शमुवेलमामा फाटक अडवून उभे.

“त्यो आपल्या चर्चच्या मंडळीचा सभासद न्हाई, बाई. नियम म्हंजी नियम. आज याला जागा दिली तर उद्या कुणालाबी द्याया लागंल.”

“मैडम, हर इतवार गिरजा जाता था,” एक जोडीदार पुटपुटला.

एस्तेरबाईंनी पदर खोचला. “मामा, हे देवाचं शेत. त्याचा सातबारा तुमच्या नावावर कवा झाला?”

“तुमची पुस्तकं घरी ठेवा.”

“ठेवते की. पण जर्मन लोक कुंपण विसरले आन् शांती धरून बसले. तुम्ही शांती सोडली आन् कुंपण धरलं. या पोराला आत घ्या, न्हाईतर मी हितंच बसते.” आणि खरंच फाटकात मातीवर फतकल मारून बसल्या. मला एवढा अभिमान वाटला की मीही शेजारी बसले. उन्हं कलली तेव्हा फाटक उघडलं. जागा मिळाली ती भिंतीलगतच्या कोपऱ्यात, जिथे कुणालाच नको असायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरींना चुना द्यायची तिथली रीत. पीटरचं इथे कुणी नाही. म्हणून दर वर्षी आईवडिलांच्या कबरी झाल्या की एस्तेरबाई बादली घेऊन त्या कोपऱ्यात जायच्या. मलाही त्याच्याच शेजारी ठेवा, असं त्यांनी भाचीला आणि मला बजावून ठेवलं होतं. त्या गेल्या तेव्हा शमुवेलमामा म्हणाले, “आईबापाशेजारी जागा हाय की. कोपऱ्यात कशाला?” भाची आणि मी जागच्या हललो नाही. मामांनी मान हलवली आणि कोपऱ्यात खड्डा घ्यायला सांगितलं.

यंदा चुना द्यायला मी गेले. हाताची सालटी निघाली, पण पीटरची आणि एस्तेरबाईंची, दोन्ही कबरी रंगवत राहिले. शमुवेलमामा काठी टेकत आले आणि बादलीत डोकावले.

“चुना घट झालाय, बाई. पानी घाला,” ते म्हणाले.

मी पाणी घातलं. मग म्हटलं, “मामा, पीटरच्या पलीकडे एक जागा मोकळी आहे. ती माझ्यासाठी ठेवा.”

“तुम्ही तर हिंदू. तुमची पोरं काय म्हनतील?”

“म्हणू देत. झोप मलाही लागते.”