जुळाऱ्याचा कोट

बायकांचे कोट शिवणाऱ्या आमच्या दुकानात पुरुष गिऱ्हाईक आलं, की मी आधी त्याच्या मागे बघायचे, बायको कुठे आहे म्हणून. हा एकटाच आला होता. लहान चणीचा, बोटांची टोकं शिशानं काळवंडलेली. म्हणाला, "मला एक सदरा शिवून हवाय."

मी म्हटलं, "पुरुषांचा शिंपी समोरच्या गल्लीत आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, मशीन थांबवलं. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मापं घ्यायला त्याला पडद्याआड नेलं. एरवी ती मापं मोठ्यानं सांगायची आणि मी वहीत लिहायचे. त्या दिवशी पडद्याआडून आवाजच येईना. शेवटी एवढंच ऐकू आलं, "छातीत जरा सैल ठेवते. कुणाला काही कळणार नाही." तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. सदऱ्यासाठी रडणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

पलीकडच्या रस्त्यावरच्या छापखान्यात तो जुळारी होता. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून उचलायचे आणि ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या, म्हणजे कागदावर सुलट उमटतात. उलटं वाचायची त्याला इतकी सवय, की काचेवरची आमची पाटी तो दुकानात बसून आतल्या बाजूनं घडाघडा वाचायचा. रविवारी येऊ लागला. आधी बटण तुटलं म्हणून, मग कॉलर टोचते म्हणून, आणि कारणं संपल्यावर कारणाशिवाय. ताई तेव्हा पस्तिशीला टेकलेली. तिच्या लग्नाचा विषय नातेवाइकांनी कधीच गुंडाळून माळ्यावर टाकला होता. आणि आता ही बाई रविवारी दोनदा केस विंचरायची! तो मला मेहुणीबाई म्हणायचा. "आधी लग्न करा, मग मेहुणी म्हणा," असं मी म्हटलं, की तो हसायचा आणि ताई कात्री शोधायला लागायची. कात्री तिच्या हातातच असायची.

खरं काय ते ताईनं मला वर्षभरानं सांगितलं. तो मुलगी म्हणून जन्मला होता. आईबापांनी मुलगी म्हणून वाढवलं, वेण्या घातल्या. सतराव्या वर्षी त्या वेण्या कापून तो घराबाहेर पडला, तो पुन्हा म्हणून तिकडे फिरकला नाही. ताईला हे पहिल्याच दिवशी, अंगाला टेप लावल्याबरोबर कळलं होतं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. राग कशाचा, तर वर्षभर मला सांगितलं नाही याचा. तिसऱ्या दिवशी तो चोरासारखा दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आत या की. मेहुणीला हात जोडायला लावता का आता?" त्याला मी तेव्हाही 'तो' म्हणायचे, आजही म्हणते. ज्याला खटकतं त्यानं पुढे वाचू नये.

पुढच्या वर्षी तो मुख्य जुळारी झाला. लग्न ठरलं. छापखान्याला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून मालकानं सगळ्यांचा फोटो काढायचं ठरवलं, आणि मुख्य जुळाऱ्याला आपल्या शेजारी खुर्ची देऊ केली. ताईनं त्याच्यासाठी गडद निळ्या लोकरीचा कोट शिवायला घेतला. पुरुषाचा कोट तिनं त्याआधी शिवला नव्हता. खांद्याची शिवण तीनदा उसवली. शेवटी काजांच्या खुणा खडूनं करून ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी तापानं फणफणून अंथरुणाला खिळली. काज करणं, बटणं लावणं हे पहिल्यापासून माझं काम.

आता नीट ऐका, कारण हे मी फार उशिरा सांगते आहे. पुरुषांच्या कोटाला काज डाव्या बाजूला असतात, बायकांच्या उजव्या. ताईनं खुणा डावीकडेच केल्या होत्या. मी सोळा वर्षं फक्त बायकांच्या कोटांचे काज केलेले. खुणा पाहिल्या आणि मनात म्हटलं, बाई तापात चुकली. कोट कुणाचा ते मला ठाऊक होतं, पण हाताला कुठे ठाऊक होतं? ब्रशनं खडू झटकला, उजवीकडे नव्या खुणा केल्या, पाच काज कापले आणि इतके सुबक विणले, की स्वतःवरच खूश झाले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

फोटोच्या दिवशी सकाळी तो घाईघाईत आला, कोट चढवला, ताईच्या कपाळावर हात ठेवला आणि गेला. दुसऱ्या कुठल्याही पुरुषाची बोटं पहिल्याच बटणाला अडली असती. त्याची अडली नाहीत. लहानपणी ज्या बाजूनं बटणं लावली होती ती बाजू बोटांच्या ओळखीची होती.

आठवड्यानं फोटो छापखान्यात आला. यंत्रावरचा माणूस मुख्य जुळाऱ्याच्या कोटावर बोट ठेवून म्हणाला, "हा फोटो उलटा छापलाय." दिवसभर उलट-सुलट वाचणारी माणसं ती, सगळी फोटोभोवती जमली. कोटांची बटणं पाहिली, भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे पाहिले. फोटो सुलट होता. वीस माणसांत एकच कोट उलटा होता. "बायको यायच्या आधीच बायकोचा कोट अंगात!" म्हणून हशा पिकला. तो हसला असता तर तिथेच मिटलं असतं. पण तो पांढराफटक पडला, आणि मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. हा आमच्याबरोबर नळावर अंग धूत नाही. उन्हाळ्यातही सदरा काढत नाही. याला दाढी कशी नाही? मालकानं बोलावून घेतलं आणि सोमवारपर्यंत डॉक्टरचा दाखला आण म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन बसला आणि झालं ते सगळं सांगितलं. ताईनं त्याच्या अंगावरचा कोट उतरवून दिव्याखाली धरला. काजांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "खुणा मीच चुकवल्या. तापात होते." मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"कुणी का चुकवेना," तो म्हणाला. "चल माझ्याबरोबर. जुळाऱ्याला कुठेही काम मिळतं."

ताई म्हणाली, "तू पुढे हो. मी मागनं येते." रविवारी सकाळच्या गाडीनं तो एकटाच गेला.

लांबच्या एका गावातून त्याची पत्रं यायला लागली. काम मिळालंय. खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे, तुझं मशीन मावेल. कोट थंडीला पुरतो. कधी येतेस? ताई पत्र चार-चारदा वाचायची आणि घडी करून ठेवायची. मी विचारायचे, "का जात नाहीस?" ती म्हणायची, "ज्या हातानं त्याचा घात केला, तो हात घेऊन त्याच्या घरात जाऊ? तो कोट घालताना रोज काय म्हणेल मनात?"

सांगेन सांगेन म्हणत राहिले. एकदा इस्त्री करता करता सुरुवातही केली, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मला हायसं वाटलं. माझी चूक एका क्षणाची होती, ती हाताची होती. पण गप्प राहिले ती मी, पूर्ण शुद्धीवर, तीन हिवाळे. ताई गेली असती तर त्या दुकानात मी एकटी उरले असते. मला ती जायला नको होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

चौथ्या हिवाळ्यात पत्र आलं ते दुसऱ्याच अक्षरातलं. त्याच्या घरमालकिणीनं लिहिलं होतं. तुमचे यजमान छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटची आंघोळ मी स्वतः घातली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही त्या गोष्टीची काळजी करू नका. इथे सगळे त्यांना भला माणूस म्हणूनच ओळखतात. पंधरवडाभर ते विचारत होते, गाडी आली का?

ताईनं पत्र वाचलं आणि माझ्या हातात दिलं. रडली नाही. मशीनसमोर बसली, सुईत दोरा घालायला लागली, आणि तो काही केल्या जाईना. मग माझ्यानं राहवलं नाही. काय मेली मी तरी, सगळं संपल्यावर मला कंठ फुटला. म्हटलं, "ताई, तुझ्या खुणा बरोबर होत्या. मी पुसल्या. काज माझ्यामुळे चुकले."

तिनं दोरा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

"मग मी गेले असते," ती म्हणाली.