टाकी भरली की वाजणारी घंटी

आमचे हे गेल्यापासून इथे ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. आज राहवत नाही.

दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला, ताबडतोब या. टाकवे गावाहून पोहोचले तेव्हा सगळी मुलं मैदानात बसवली होती.

सातवीतल्या माझ्या मुलीने पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी बनवली आहे. पाणी दोन तारांना लागलं की वाजते. तारा जोडायला तिला बाबांनी शिकवलं होतं. विज्ञानाच्या सरांना दाखवायला ती घेऊन गेली आणि दप्तरातच बाटली सांडली. घंटी वाजायला लागली. वर्गातल्या बाईंना बॉम्ब वाटला. शिपाईमामांनी घंटी उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली.

"ताई, पाण्यात घातलं तर लयच वरडाया लागलं," ते मला सांगत होते.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "वाडीवरच्या मुलीला हे असलं कोण शिकवतं?" त्यांनी तिच्यासमोरच विचारलं. उद्या पालकाच्या सहीचं माफीपत्र द्यायचं, नाहीतर वर्गात बसू देणार नाहीत.

आता तिनेच वहीचा कागद फाडून माझ्यापुढे ठेवलाय. "आई, लिही, मी परत काहीच बनवणार नाही."

ती हे मनापासून म्हणतेय, याचीच मला धास्ती वाटते. माझ्या जागी तुम्ही असता तर सही केली असती का?